हक्क मुलाचा, हेलपाटे आईचे

जपानात घटस्फोटासाठी न्यायालयात जावंच लागतं असं नाही. 'रिकोन तोदोके' नावाचा एक अर्ज असतो. नवरा-बायकोने तो भरायचा, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि नगरपालिकेच्या खिडकीवर द्यायचा. कागद नीट भरलेत एवढं कारकून पाहतो, अर्ज स्वीकारतो आणि लग्न संपतं. इथले दहापैकी जवळजवळ नऊ घटस्फोट असेच, आपसांतल्या संमतीने होतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका खिडकीसमोर मी दुभाषी म्हणून उभी होते. ज्यांच्यासाठी गेले होते त्यांना मी ताई म्हणते. त्या मूळच्या साताऱ्याच्या, नवरा जपानी, मुलगा तेव्हा दुसरीत. अर्जावर एक प्रश्न होता: मुलाच्या 'योइकुही'चं, म्हणजे संगोपनखर्चाचं, ठरलं आहे का? ताईंनी 'ठरलं आहे' या चौकोनात खूण केली. काय ठरलं, किती, कुठे लिहिलं आहे, हे कोणी विचारलं नाही. विचारायचा नियमच नव्हता. 'अजून ठरलेलं नाही' या चौकोनात खूण केली असती तरी अर्ज घेतलाच असता. हे चौकोन अर्जावर आले २०१२च्या एप्रिलमध्ये. त्याआधी तेवढाही प्रश्न नव्हता.

ठरलेलं सगळं एका साध्या कागदावर होतं. दरमहा ४० हजार येन, दर २५ तारखेला, मुलगा बारावी होईपर्यंत. खाली दोघांचे शिक्के. आठ हप्ते आले. मग नवऱ्याने नोकरी बदलली, फोन उचलणं बंद केलं आणि नववा हप्ता आला नाही.

मी कायद्याची अभ्यासक नाही. मी मातीत पाणी कसं मुरतं यावर संशोधन करते. पण ताईंबरोबर दोन वर्षं कागद वाचून झाल्यावर जपानच्या या व्यवस्थेबद्दल माझं एक मत झालं आहे आणि ते तुमच्यापुढे मांडावं असं वाटतं. जपानने मुलाचा हक्क टप्प्याटप्प्याने मजबूत केला, पण तो वसूल करून देण्याची जबाबदारी कोणत्याही सरकारी कार्यालयाने अंगावर घेतलेली नाही. हत्यार दरवेळी जास्त धारदार होतं. ते चालवायला मात्र आईलाच पाठवतात.

आधी आकडे पाहा. २०२१च्या सरकारी पाहणीनुसार एकट्या आईच्या घरांपैकी ४६.७ टक्के घरांत संगोपनखर्चाचं काही ठरलेलं होतं आणि प्रत्यक्षात पैसे येत होते फक्त २८.१ टक्के घरांत. जिथे येत होते तिथे सरासरी रक्कम महिन्याला ५० हजार येनच्या आसपास. या आया घरी बसलेल्या आहेत असंही नाही. ८६.३ टक्के आया काम करत होत्या. त्यांची कामातून होणारी वर्षाची सरासरी कमाई होती सुमारे २३ लाख ६० हजार येन. त्याच वर्षी एकल पालकांच्या घरांतलं सापेक्ष गरिबीचं प्रमाण होतं ४४.५ टक्के. जपानबद्दल आपल्याकडे जी चित्रं असतात त्यांत हा आकडा बसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आता हत्यारांचा इतिहास. २००४पासून संगोपनखर्चाच्या थकबाकीसाठी इतर कर्जांसारखा पगाराचा चौथा हिस्सा नाही, तर निम्म्यापर्यंत पगार जप्त करता येतो. शिवाय एकदा हप्ता चुकला की पुढच्या हप्त्यांसाठीही तीच जप्ती चालू राहते. २०२०पासून न्यायालय नगरपालिकेला किंवा पेन्शन कार्यालयाला विचारू शकतं की हा माणूस कुठे नोकरी करतो, आणि बँकांना विचारू शकतं की याचं खातं आहे का. मालमत्ता सांगायला बोलावलं आणि माणूस आला नाही किंवा खोटं बोलला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. कागदावर हे सगळं जबरदस्त आहे.

पण यातलं काहीही आपोआप घडत नाही. जप्तीसाठी न्यायालयाचा आदेश हवा किंवा 'कोसेई शोशो', म्हणजे नोटरीसमोर केलेला आणि जप्तीला आधीच संमती असलेला दस्त. ताईंकडे होता तो साधा कागद. त्यांना सांगण्यात आलं की आधी कौटुंबिक न्यायालयात मध्यस्थीचा अर्ज करा. मध्यस्थीच्या बैठका साधारण महिन्याला एक, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. ताई वृद्धाश्रमात पाळीने काम करतात. एक बैठक म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. मध्यस्थी फसली तर निवाडा. निवाडा हातात आला की नोकरीचा शोध. तो लागला की जप्तीचा अर्ज, चार हजार येनचं तिकीट, टपालखर्च वेगळा. आणि नवऱ्याने पुन्हा नोकरी बदलली की नोकरीच्या शोधापासून सगळं परत.

"मी त्यांच्याकडे भीक मागतेय असं वाटतं गं," ताई एकदा म्हणाल्या. त्यांनी अर्ज केला नाही. पाहणीत अशा घरांची नोंद 'ठरलं आहे, पण मिळत नाही' अशी होते.

आता या व्यवस्थेतली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट सांगते. जपानमध्ये प्रत्येक कंपनी दर जानेवारीत आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा अहवाल त्यांच्या नगरपालिकेला पाठवते. त्यावरून रहिवासी कर ठरतो आणि कंपनी तो दरमहा पगारातून कापून भरते. तुम्ही जपानात नोकरी केली असेल तर तुमच्या पगारपत्रकावर ती ओळ पाहिलीच असेल. म्हणजे ताईंचा नवरा कुठे काम करतो, किती कमावतो, हे तो राहतो त्या नगरपालिकेला माहीत आहे. त्याने कर थकवला तर नगरपालिका न्यायालयात न जाता थेट पगार जप्त करू शकते. त्यासाठी नगरपालिकेचं कोणी पाळी बुडवून मध्यस्थीला जात नाही. मुलाचे पैसे थकले की मात्र तीच माहिती काढायला आईने न्यायालयाकडे अर्ज करायचा, न्यायालयाने नगरपालिकेला विचारायचं, नगरपालिकेने न्यायालयाला कळवायचं आणि मग आईने पुढचा अर्ज करायचा. राज्याला वसुली जमत नाही असं नाही. स्वतःच्या पैशाच्या बाबतीत ती फार छान जमते.

मग सरकार या बाबतीत काय करतं? २००७पासून संगोपनखर्चाबद्दल सल्ला देणारं एक केंद्र आहे. फोनवर नीट समजावून सांगतात. त्यांनी पाठवलेले कागद आम्हांला उपयोगी पडले. पण पैसे वसूल करण्याचा अधिकार त्या केंद्राला नाही. कौटुंबिक न्यायालयाकडून थकबाकीदाराला 'कृपया भरा' असं सांगणारी शिफारस विनामूल्य मिळते, पण ती पाळण्याची सक्ती नसते. काही नगरपालिका नोटरी दस्ताचा खर्च देतात. ह्योगो प्रांतातलं आकाशी शहर याच्याही पुढे गेलं. तिथे २०१४पासून घटस्फोटाच्या अर्जाबरोबर संगोपनखर्चाच्या कराराचे नमुने देऊ लागले. २०२०च्या साथीत शहराने थकलेला एक महिन्याचा हप्ता ५० हजार येनपर्यंत स्वतः दिला आणि मग तो न देणाऱ्या पालकाकडे मागितला. रक्कम छोटी होती. पण वाट पाहण्याचं ओझं मुलावरून उचलून शहराने घेतलं, हे महत्त्वाचं.

१ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या कौटुंबिक कायद्याची चर्चा तुम्ही ऐकली असेल. ती बहुतेक घटस्फोटानंतरच्या संयुक्त पालकत्वावर झाली. पैशाबद्दलचे बदल तिच्यामागे झाकले गेले, पण ते खरे आहेत. काहीच न ठरवता घटस्फोट झाला तरी मूल सांभाळणाऱ्या पालकाला दर मुलामागे महिन्याला २० हजार येन मागण्याचा हक्क आता कायद्यानेच मिळतो. तो फक्त या तारखेनंतरच्या घटस्फोटांना लागू आहे, म्हणजे ताईंना नाही. दुसरा बदल मात्र ताईंच्या उपयोगाचा आहे. संगोपनखर्चाला इतर कर्जांच्या आधीचा अग्रहक्क मिळाला आहे, दर मुलामागे महिन्याला ८० हजार येनपर्यंत. त्यामुळे आई-वडिलांनी आपसांत केलेल्या लेखी कराराच्या जोरावरही, निवाडा किंवा नोटरी दस्त नसताना, जप्तीचा अर्ज करता येतो. करार जुना असला तरी एप्रिलनंतरच्या हप्त्यांना हे लागू आहे. मालमत्तेची चौकशी, नोकरीचा शोध आणि पगाराची जप्ती यांसाठी तीन वेगळे अर्जही नकोत, एकच पुरतो.

या कायद्याला मी नावं ठेवणार नाही. दोन शिक्क्यांचा तो साधा कागद अचानक जिवंत झाला आहे. पण अर्ज कोण करणार? आईच. कागद कोण जुळवणार, न्यायालयात कोण जाणार, नोकरी बदलली की पुन्हा सुरुवात कोण करणार? आईच. सरकारचं स्वतःचं उद्दिष्टही पाहा. २०३१पर्यंत संगोपनखर्च मिळणाऱ्या घरांचं प्रमाण ४० टक्क्यांवर न्यायचं आहे. ते पूर्ण यशस्वी झालं तरी दहापैकी सहा घरं रिकाम्या हाताची राहतील. नगरपालिकेने करवसुलीचं असं उद्दिष्ट ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

शेजारच्या दक्षिण कोरियाने वेगळा रस्ता धरला. तिथे मार्च २०१५मध्ये संगोपनखर्चाच्या वसुलीसाठी सरकारी संस्था सुरू झाली. ती सल्ला देते, न्यायालयीन काम करते आणि वसुलीही पाहते. २०२१पासून मुद्दाम पैसे थकवणाऱ्याचा वाहन परवाना थांबवणं, त्याला देशाबाहेर जाऊ न देणं, त्याचं नाव जाहीर करणं, ही पावलं उचलता येऊ लागली. जुलै २०२५पासून ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांना सरकार दर मुलामागे महिन्याला दोन लाख वोनपर्यंत आगाऊ देतं आणि मग थकबाकीदाराकडून वसूल करतं. जर्मनीत अशी आगाऊ मदत १९८०पासून आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग जपाननेही एक वसुली खातं काढावं, झालं. मीही आधी तसंच म्हणत होते. पण अशा खात्यांचा इतिहास वाचल्यावर माझा उत्साह थोडा सावध झाला. ब्रिटनने १९९३ साली असं खातं काढलं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या आईसाठी वडिलांकडून एक पौंड वसूल झाला की तिच्या मदतीतून एक पौंड कापला जाई. मुलाच्या ताटात काहीच वाढत नसे, वाचत होता तो सरकारचा खर्च. आया नाराज, वडील नाराज, हिशेबात गोंधळ. शेवटी २००६ साली सरकारनेच मागवलेल्या अहवालात ते खातं बाजूला सारून नवी व्यवस्था उभारण्याची शिफारस आली. अमेरिकेची यंत्रणा १९७५ची. पगारातून कपात, कराचा परतावा अडवणं, अडीच हजार डॉलरहून जास्त थकलं तर पासपोर्ट नाकारणं, असे तिचे अधिकार दांडगे आहेत. पण तिच्या जन्मामागेही सरकारी मदतीचा खर्च भरून काढण्याचा हेतू होता आणि तिच्या तडाख्यात खरोखर कफल्लक असलेले बापही सापडले. दक्षिण कॅरोलायनातल्या अशा एका बापाला वकिलाशिवाय झालेल्या सुनावणीत बारा महिन्यांची कैद झाली. ते प्रकरण २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

म्हणून अशा खात्याला अधिकार किती द्यायचे हा प्रश्न मला दुसरा वाटतो. पहिला प्रश्न त्याच्या कर्तव्यांचा. मला तीन कर्तव्यं दिसतात. एक, वसूल झालेला पैसा आधी मुलाकडे गेला पाहिजे. जपानमध्ये हा धोका आजच आहे. एकल पालकांना 'जिदो फुयो तेआते' हा सरकारी भत्ता मिळतो. तो ठरवताना मिळालेल्या संगोपनखर्चाची ८० टक्के रक्कम पालकाचं उत्पन्न म्हणून धरतात. म्हणजे नवऱ्याचे पैसे नियमित आले तर भत्ता कमी होऊ शकतो. हा नियम तसाच ठेवून वसुली खातं काढलं, तर ब्रिटनची चूक तीस वर्षांनी जपानीत लिहिल्यासारखं होईल. दोन, पैसे देणाऱ्याची नोकरी गेली, तो आजारी पडला, तर रक्कम लगेच आणि न भांडता कमी करून देणं हेही त्याच खात्याचं काम असलं पाहिजे. देऊ न शकणारा आणि देऊ न इच्छिणारा यांत फरक करणं ही मेहरबानी नव्हे, ते त्याचं काम आहे. तीन, वसुलीला वेळ लागतो, मुलाच्या वाढीला थांबता येत नाही. वाट पाहायची असेल तर ती खात्याने पाहावी, म्हणजे पैसे आगाऊ द्यावेत.

एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही: "मुलाला भेटू देत नाहीत, मग पैसे कशाला द्यायचे?" मुलाला न भेटण्याचं दुःख खोटं नाही. पण मुलाला भेटणं आणि मुलाला जेवू घालणं हे वेगवेगळे हक्क आहेत आणि दोन्ही मुलाचे आहेत. एकाच्या बदल्यात दुसरा गहाण ठेवता येत नाही. यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. आपण सगळ्यालाच 'पोटगी' म्हणतो आणि तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे सोडलेली बायको येते. 'योइकुही' या शब्दात बायको कुठेच नाही, फक्त मूल वाढवण्याचा खर्च आहे. ताईंना भीक मागितल्यासारखं वाटलं त्यात या शब्दाचाही हात असेल.

आणि आपल्याकडचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ म्हणजे जुनं कलम १२५. आदेश असूनही पैसे दिले नाहीत तर दर थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण थकबाकीसाठी अर्ज करायचा आईने, तोही वर्षाच्या आत. २०१३ साली नागपूरच्या कुटुंब न्यायालयात एका तान्ह्या मुलाच्या आईने निर्वाहासाठी अर्ज केला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं ४ नोव्हेंबर २०२० रोजी. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर उघड करावी, निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून द्यावा, असे देशभर लागू होणारे चांगले नियम त्यातून मिळाले. पण नियम येईपर्यंत ते तान्हं मूल शाळेच्या वयाचं झालं होतं. वसुली खातं आपल्याकडेही नाही. जपानला नावं ठेवताना हे विसरून चालणार नाही.

आपल्यासारख्या परदेशस्थांसाठी आणखी एक खड्डा आहे. मूल जपानात राहत असेल तर आई-वडील भारतीय असले तरी त्याच्या निर्वाहाला जपानी कायदा लागतो. पण वडील पुण्याला परत गेले तर? जपानी नगरपालिकेच्या नोंदीत त्यांचा माग देश सोडल्याच्या तारखेला संपतो. परदेशात निर्वाहखर्च वसूल करण्याबद्दलच्या २००७च्या हेग करारात जपान नाही आणि भारतही नाही. ज्या देशांचे निवाडे भारतात थेट बजावता येतात त्यांच्या यादीतही जपान नाही. म्हणजे जपानी निवाडा हातात घेऊन भारतात नव्याने दावा लावायचा. इथे येताना आपण व्हिसा, विमा, शाळा सगळं विचारतो. हे कोणी विचारत नाही, कारण ही वेळ आपल्यावर येणार नाही असं प्रत्येकाला वाटतं. तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी 'रिकोन तोदोके' भरायला निघालं असेल तर त्यांना एवढं तरी सांगा: रक्कम, तारीख आणि मुदत लिहून घ्या, जमलं तर नोटरीसमोर. त्या चौकोनातल्या खुणेवर विसंबू नका.

एप्रिल आणि मेचे हप्ते ताईंना आलेले नाहीत. पण हे नव्या कायद्यानंतरचे हप्ते आहेत. गेल्या रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. करार, बँकेचं पुस्तक, रहिवासी दाखले. मुलगा आता पाचवीत आहे. हे काय आहे असं त्याने विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "तुझ्या शाळेचे कागद." तो परत खेळायला गेला. येत्या बुधवारी अर्ज द्यायचा आहे. ताईंनी त्या दिवसाची पाळी सोडली आहे आणि मीही प्रयोगशाळेतून अर्धा दिवस रजा घेतली आहे.